तगरीवरची शिंगवाली हिरवी अळी डब्यात ठेवून तिचा पतंग होताना मुलीला दाखवता येईल का? आज ती तपकिरी पडलीय, टाकून देऊ का?

अजिबात टाकू नका!! मरत नाहीये ती, कोषात जायची तयारी चाललीय. हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण याच्यावरून आमच्या घरात भांडण झालंय.

आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो, मागच्या परड्यात तगर आहे. पावसाळ्यात खाली फरशीवर जाडजाड लेंड्या दिसायला लागल्या म्हणून वर बघितलं तर ही बोटाएवढी हिरवीगार अळी, तुमच्यासारखीच, ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची. दाजी नेमके तेव्हा आलेले, त्यांचं कोरेगावला खता-औषधांचं दुकान, त्यामुळे किड्यांबाबत शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणे शिंगात विष असतं. अहो मऊ असतं ते, मी दाबून दाखवलं, तर अळीने डोकं आत ओढून ते निळे-पांढरे ठिपके पुढे काढले आणि दाजी दोन पावलं मागे. ते डोळे नव्हेतच, पक्ष्यांना घाबरवायचं सोंग आहे, पाहुण्यांवरपण चालतं.

तर मी ती डब्यात ठेवली, रोज तगरीचा पाला घालायचो. मग एक दिवस हिरवा रंग गेला, काळपट झाली, खाणं बंद, नुसत्या येरझाऱ्या. दाजी फोनवर, "रोग पडलाय, फेकून दे, झाडाला लागेल." आईलापण पटलं. मी गुपचूप तळाला भुसभुशीत माती आणि वर वाळका पाला टाकला, रात्रीत खाली शिरली. ही जात झाडावरून उतरून पाल्यामातीतच कोष करते, शाळेच्या चित्रातला रेशमाचा कोष सगळ्यांना लागू नसतो पण सांगायचं कुणाला. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर, हिरवा-गुलाबी, पंख पसरल्यावर 9-10 सेंमी. फोटो पाठवला तर दाजी म्हणतात, "हा बाहेरून आला असेल." झाकण लावलेल्या डब्यात!

2015 ला नीलवंत राज्य फुलपाखरू झालं तेव्हा सगळ्यांना कौतुक, पतंग म्हटलं की मात्र लोक चप्पल शोधतात.

तर तुमचं, आता खायला काही देऊ नका, माती-पाला घाला, किंचित ओल ठेवा, चिखल नको. एक काडी उभी खोचा, बाहेर आल्यावर वर चढून लटकायला मिळालं नाही तर पंख चुरगळलेलेच राहतात. पुढच्या वेळी लहान अळी सापडली तर ज्या झाडावर असेल त्याचाच पाला द्या, तगर, कण्हेर किंवा सदाफुली, कोबी-बिबी नको. पतंग निघाला की दिवेलागणीला सोडून द्या, डब्यात फडफडून पंख फाडून घेतो.

हां, कण्हेरीचा चीक विषारी असतो, तगरीचापण चांगला नाही, मुलीला पानं तोडायला लावू नका. आणि शेवग्यावर झुंडीने बसतात त्या केसाळ सुरवंटांना हात लावायचा नाही, खाजेने जीव जातो, तेवढं दाजींचं बरोबर आहे. कधीकधी पतंगाऐवजी परजीवी माश्या निघतात, त्यांनी आधीच अंडी घातलेली असतात, त्याला तुम्ही काही करू शकत नाही, मुलीला आधीच सांगून ठेवा.

घरात कुणी फवारायचं म्हणालं तर विचारा, दोनचार अळ्यांनी तगर वाळलेली कधी बघितलीय का. तिला परत पालवी फुटतेच. दाजींना मी हे विचारून झालंय, ते विषय बदलतात.