‘तू कशी आहेस?’ला खरं उत्तर

‘मैत्रिणीला नेहमी मीच धीर देते, मला कोण देणार?’ गोव्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की पाठोपाठ येणारा प्रश्नही आता ठाऊक असतो: ‘असं वाटणं पाप तर नाही ना?’ नाही. पण त्यामागे काहीतरी अडकलेलं असतं, ते शोधावं लागतं.

पुढची हकिकत अनेकींची मिळून बनलेली आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वास्कोत राहणारी, मूळची मिरजेकडची शिक्षिका. नवरा मालवाहू जहाजावर. तिची मडगावची मैत्रीण नर्स. दोघींची ओळख मराठी उपासनेत झालेली. मैत्रिणीची आई अंथरुणाला खिळलेली, वर रात्रपाळ्या. तिचे लांबलचक व्हॉइस मेसेज रोज यायचे आणि ही उलट बायबलमधलं वचन पाठवायची, प्रार्थना पाठवायची. हळूहळू फोन वाजला की हिच्या पोटात गोळा येऊ लागला.

मी विचारलं, ‘ती तुमची चौकशी करतच नाही?’

‘करते ना मॅडम. रोज विचारते, तू कशी आहेस?’

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘देवाच्या कृपेने बरं चाललंय.’

‘खरंच बरं चाललंय?’

बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘ह्यांचं जहाज पुन्हा लांबलंय. मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. रात्री प्रार्थनेला बसते, तर शब्दच येत नाहीत.’

ही गाठ मला पुन्हा पुन्हा दिसते. मैत्रीण दार ठोठावत असते आणि आपणच आतून कडी घालून, कुणी येत नाही म्हणून रडत असतो. ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द खरेच; पण इथे त्यांचं काम कडीचं होतं.

मी तिला एवढंच करायला सांगितलं: एक खरं वाक्य पाठवा, शेवटी ‘तरी देव चांगला आहे’ असं न जोडता. तिने लिहिलं, ‘आज फार एकटं वाटतंय. सल्ला नको, नुसतं ऐक.’ मैत्रिणीचा लगेच फोन आला. ती रडत होती. म्हणाली, ‘मला वाटायचं, मी तुझ्या काहीच उपयोगाची नाही. नुसती घेतच राहते.’

इतके दिवस ही देऊन थकली होती, तर ती घेऊन ओशाळली होती. समुपदेशक म्हणून माझा भर उपाय सुचवण्यापेक्षा माणूस मोकळं होण्यावर असतो, तो अशा क्षणांमुळेच. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौलही देता देता घ्यायला तयार असतो. ज्या मंडळीला तो अजून भेटलेला नाही, तिला काही आत्मिक दान द्यावं असं म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात जोडतो, की तुमच्या विश्वासाने मलाही उत्तेजन मिळावं. प्रेषिताला घ्यायला लाज वाटली नाही!

आता धीर द्यायचा कसा, ते. ‘सगळं ठीक होईल’ हे कुणालाच पुरत नाही. बायबलमध्ये, १ शमुवेल २३ मध्ये, शौल राजा जिवावर उठल्याने रानात लपलेल्या दावीदाकडे त्याचा मित्र, शौलाचाच मुलगा योनाथान स्वतः जातो आणि नेमकं बोलतो: माझ्या बापाच्या हाती तू लागणार नाहीस, तू राजा होशील. मग दोघं परमेश्वरासमोर करार करतात आणि योनाथान घरी परततो. मुक्काम ठोकत नाही. आपणही पाहिलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी: ‘काल पाळीवरून आल्या आल्या तू आईचे केस विंचरलेस.’ प्रार्थना ‘करीन’ म्हणण्यापेक्षा तिथेच, फोनवरच, दोन वाक्यांची करावी. तपासणीची, मुलाखतीची तारीख लिहून ठेवावी आणि त्या सकाळी एक ओळ पाठवावी.

बिघडतं कुठे? बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं नीट होतं. त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि घोटाळा झाला. वचनही तोंड बंद करायला वापरता येतं. दुसरं म्हणजे मैत्रिणीचं गुपित ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून ग्रुपवर टाकणं. तिला न विचारता हे केलंत, की ती पुन्हा तोंड उघडायची नाही. (मंडळीतल्या निम्म्या चहाड्या अशाच भक्तिभावाने सुरू होतात, असं माझं मत आहे.)

या दोघींनी बुधवारचा अर्धा तास ठरवला: पंधरा मिनिटं एकीची, पंधरा दुसरीची, आणि सुरुवात आळीपाळीने. पहिले दोन बुधवार शिक्षिकेची पाळी पाच मिनिटांतच आटपली. तिसऱ्या वेळी मैत्रीण म्हणाली, ‘अजून दहा मिनिटं आहेत, मी थांबलेय.’

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, ‘जगून काय करू’ असं बोलणं सुरू झालं, तर मैत्री एकटी पुरी पडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे. अशा वेळी फोन लावून द्यावा, केसपेपर काढताना सोबत राहावं, आणि पाद्रींनाही कळवायचं का, ते तिलाच विचारावं.