'कोट' आणि 'इव्हॅल' यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न नागपुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. ती संख्याशास्त्रात एमएस्सी करते आणि 'आर' या संगणकीय भाषेवर मराठीत टिपणं काढते. कोट आणि इव्हॅल या फंक्शनांसाठी तिला 'अवतरण' आणि 'मूल्यमापन' हे शब्द मिळाले, पण "वाचून काहीच उमगत नाही," असं ती लिहिते.

उमगणार नाहीच. मूल्यमापन विद्यार्थ्याचं होतं, अवतरण दुसऱ्याच्या बोलण्याचं. इथे हवी असलेली जोडी आपण प्राथमिक शाळेपासून वापरतो: गणित मांडणे आणि गणित सोडवणे.

कळमन्याच्या बाजारातला संत्र्यांचा हिशेब घ्या. आरला नुसतं 'भाव गुणिले क्रेट' सांगितलं, तर ती लगेच भाव शोधू लागते आणि तो ठरलेला नसेल तर चूक दाखवून थांबते. तेच कोटच्या कंसात लिहिलं की शोधाशोध नाही. गुणाकाराचं चिन्ह आणि दोन नावं ती जशीच्या तशी मांडून ठेवते. पुढे भाव 800, क्रेट 12 असं सांगून इव्हॅल केलं की 9600. उद्या भाव 750 वर उतरला तरी मांडणी तीच, उत्तर 9000. इव्हॅलला सोबत एखादा तक्ता दिला, तर 'भाव' हे नाव ती आधी त्या तक्त्याच्या रकान्यांत शोधते. म्हणजे काय सोडवायचं याइतकंच कुठे सोडवायचं हेही आपल्या हातात राहतं.

मांडून ठेवलेल्या वस्तूला 'पदावली' म्हणावं. पाठ्यपुस्तकातला रुळलेला शब्द आहे, 'अभिव्यक्ती' भावनांसाठी राहू द्या. इव्हॅलला 'किंमत काढणे' म्हणता येईल, पण पदावलीत आलेख काढायची आज्ञा असेल तर किंमत कसली? 'सोडवणे' तिथेही चालतं. बीकोट हे कोटचं भावंडं फंक्शन मात्र मांडतानाच एखादी जागा भरून घेतं: क्रेटच्या जागी आत्ताच 12, भाव मोकळा. त्याला 'भरून मांडणे' म्हणावं. आणि 'डायनॅमिक'साठी 'गतिशील' कशाला? पदावली ऐनवेळी रचली जाते, एवढंच म्हणायचं असतं.

पार्स हे फंक्शन वेगळं. अवतरणचिन्हांतला मजकूर आरच्या लेखी नुसती अक्षरं असतात. पार्स तो वाचून त्याची पदावली करतं. मजकुराचे तुकडे जोडून पार्सकडे देण्याची सवय लावून घेऊ नका. रकान्याच्या नावात एक मोकळी जागा आली तरी सगळं कोसळतं. नावं आणि क्रिया घेऊन थेट पदावलीच रचावी.

'कोट' हा शब्द लिस्प या जुन्या संगणकीय भाषेतून आला. लिस्पचे जनक जॉन मकार्थी यांच्या 1960 च्या लेखात तो आहे. त्यामागचा भेद आपल्याकडे फार जुना. 'नागपूर संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे' यात शहर आहे, 'नागपूर चार अक्षरी आहे' यात फक्त शब्द. व्याकरणात शब्दाने स्वतःचं रूपच दाखवावं, हे पाणिनीने 'स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा' या सूत्रात सांगून ठेवलं आहे.

आपल्या विदर्भातल्या बोलीत तर हे क्रियापदातच आहे. 'सोडव' म्हणजे आत्ता. 'सोडवजो' म्हणजे सांगून ठेवलं आहे, वेळ आली की कर. टिपणांत कोटच्या उदाहरणाशेजारी हा 'जो' जरूर लिहा. वर्गातल्या विदर्भातल्या पोरांना दुसरं स्पष्टीकरण लागणार नाही.