खुब्याचं ऑपरेशन झालेले वडील वॉकर धरायला घाबरतात. चालणं कसं सुरू करावं? (अमळनेर)

भीती बहुतेक वेळा दुखण्याची नसते, पडण्याची असते. म्हणून आधी वॉकर तपासा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला यायला हवी. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर फरशीवर सटकतं, बदला.

पायावर किती भार द्यायचा हे सर्जनच सांगतील, रॉड असेल तर वेगळं, सांधा बदलला असेल तर वेगळं. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. ओट्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पुढे काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आपल्याकडची म्हातारी माणसं हटकून दुखऱ्याच बाजूला धरतात आणि टोकलं की ‘माले समजस’ म्हणून गप्प करतात!

खाटेवर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावा, पाचपर्यंत मोजून सोडायची. उन्हाळ्यात हे सगळं सकाळीच उरका.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर मालिश अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते, तडक दवाखाना गाठा.