गिरणीतलं पीठ आणि सीलिॲक

प्रश्न: नऊ वर्षांच्या नातीला सीलिॲक निघालाय. चपाती बंद करून ज्वारीची भाकरीच देतो, तरी पोट फुगतंच. काय करू? – एक आजी, खानापूर

उत्तर: आजी, सीलिॲक म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन शरीराला न चालणं, म्हणून भाकरी बरोबर आहे, पण ज्वारी दळता कुठं? गिरणीत तुमच्याआधी गव्हाचा डबा दळला असेल, तर आत अडकलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरणारच. चिमूटभर ग्लुटेननंही लहान आतड्याचं अस्तर बिघडतं. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. परात-तवाही नातीचा वेगळा ठेवा. फोडणीचा हिंग बघा; डबीतल्या बांधानी (मिश्र) हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. रवा, शेवया, जव नकोतच, आणि आपले बेळगावी मांडेही नकोत. तांदूळ, नाचणी, डाळी खुशाल द्या. कुंदा खव्याचा, तरी विचारूनच घ्या. "सणाचा एक घास खाऊ दे की" म्हणणाऱ्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा, रुसले तर रुसू देत. एवढं करूनही पोट फुगलंच, तर डॉक्टरांना परत दाखवा. तिच्या आईवडिलांची, भावंडांचीही टीटीजी (सीलिॲक ओळखणारी) रक्तचाचणी करून घ्या. मात्र तोवर त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही चाचणीत दिसत नाही.