‘मला फक्त विकता येतं’ असं लिहू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात १४ वर्षं झाली. बिलिंगला लागले, आता लेडीज सेक्शनची सुपरवायझर आहे, हाताखाली ९ जणी. गेल्या आठवड्यात मीटिंग घेऊन सांगितलं की तीन महिन्यांत ही शाखा बंद होणार. लेखी अजून काही नाही. धंदा बसतोय हे आम्हाला दिसतच होतं. बायका ट्रायल रूममध्ये कपडे घालून बघतात, टॅगचा फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. दुसऱ्या दुकानात गेले तर तिथंही हेच होईल. भाऊ म्हणतो, कर्ज काढ आणि सहा महिन्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स कर. मला फक्त विकता येतं, या वयात दुसरं काय जमणार? आत्ताच राजीनामा देऊन मोकळी होऊ का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. राजीनामा देऊ नका. मी दिला होता. चपला-बुटांच्या दुकानात १६ वर्षं काढल्यावर दुकान बंद होणार असं कानावर आलं, आणि ‘यांनी काढायच्या आत आपणच जाऊ’ अशा तिरीमिरीत मी कागद देऊन टाकला. स्वतःहून गेले म्हणून मला भरपाई मिळाली नाही. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण शेवटच्या दिवसापर्यंत थांबली, तिला मिळाली. तेव्हा कामावर जात राहा आणि सगळं लेखी मागा : शेवटचा दिवस कोणता, शिल्लक रजांचे पैसे किती, भरपाई किती, अनुभवाचा दाखला कधी देणार. ‘इथं सही करा’ म्हणाले, तर ‘घरी नेऊन वाचते’ म्हणायचं. नेमणूकपत्र शोधून ठेवा. शंका असेल तर कामगार कार्यालयात किंवा युनियनमध्ये ते दाखवा.

आता ‘मला फक्त विकता येतं’. हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या मुलाखतीत मीही हेच बोलले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. दुसरी मुलाखत एका गोदामात होती. समोरच्या माणसानं विचारलं, ‘सिस्टिममध्ये ४० नग आहेत, रॅकवर ३८. काय कराल?’ हे तर मी रोज करत होते! मी म्हटलं, आधी डिस्प्लेवर लावलेले बघेन. मग परत आलेला माल नोंदवायचा राहिलाय का ते. मग आलेल्या मालाची एंट्री चुकून दोनदा झाली आहे का. शेजारच्या साइजचा रॅक मोजेन, तिथं दोन जास्त निघाले तर कोडची अदलाबदल आहे. हे सगळं झाल्यावरच चोरीचं नाव काढेन. बुटांच्या दुकानात खोकी बरोबर भरतात, पण आत एक पाय सातचा आणि एक आठचा निघतो, हेही मी सांगितलं. नोकरी मिळाली.

तुमच्याकडे तर याहून किचकट काम आहे. एका टॉपचे ५ साइज आणि ४ रंग म्हणजे सिस्टिममध्ये २० वेगळे आयटम. त्यातले कुठले आधी संपतात, कुठले सेलपर्यंत लोंबकळतात, हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. आज रात्रीच वही घ्या. दुकानात आलेल्या १०० जणींपैकी किती खरेदी करून गेल्या, सरासरी बिल किती होतं, मोजणीत तुमच्या सेक्शनची घट किती निघाली, किती मुलींना तुम्ही तयार केलंत, हे आठवून लिहा. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं, आणि मग हे आकडे आठवत नाहीत. मात्र दुकानाचे रिपोर्ट किंवा गिऱ्हाइकांचे नंबर घरी नेऊ नका, ते आपले नव्हेत.

ज्या ऑनलाइन विक्रीनं तुमचं गिऱ्हाईक नेलं, तिथं ट्रायल रूम नसते. बायका घरी घालून बघतात आणि नको असलेलं परत पाठवतात. ते पार्सल कुणीतरी उघडून बघावं लागतं. टॅग कापलाय का, गळ्याला लिपस्टिक लागली आहे का, कपडा एकदा वापरून घडी घातलाय का, पुन्हा विकता येईल की बाजूला काढायचा. ही नजर तुमच्याकडे १४ वर्षांची आहे. रिटर्न तपासणी, स्टॉक कंट्रोल, क्वालिटी चेकिंग, तिथून मी शोध सुरू करेन. पण एक स्पष्ट सांगते : सुरुवातीला पद आणि पगार दोन्ही कमी असू शकतात, आणि उभं राहणं सुटत नाही. मलाही पहिलं वर्ष जड गेलं. ज्यांच्या वयाच्या मुलींना मी शिकवलं होतं, त्यांच्या हाताखाली काम करावं लागलं.

प्रोग्रामिंगला माझा विरोध नाही. आधी महिनाभर फुकट मिळणारे धडे रोज तासभर करून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटलं तर पुढचा विचार करा. पगार थांबायच्या बेतात असताना मात्र कोर्ससाठी कर्ज काढू नका. त्याआधी एक्सेल नीट शिका, फिल्टर आणि पिव्होट टेबलपर्यंत (म्हणजे मोठ्या यादीतून गटवार बेरजा काढून देणारा तक्ता). स्टॉकच्या कामात त्याची रोज गरज पडते.

आणि तुमच्याकडे माल घेऊन येणारे सप्लायरचे प्रतिनिधी? ते दिवसभर दुकानं आणि गोदामं फिरतात, कुठं माणूस हवंय ते त्यांना जाहिरात येण्याआधी कळतं. मला गोदामाचा पत्ता अशाच एकानं दिला होता. शाखा बंद झाल्यावर त्यांची गाठ पडणार नाही. पुढची डिलिव्हरी येईल, तेव्हा चलन तपासून झालं की त्यांच्याशी बोला.