बाई, नाव ठेवण्याआधी वही उघडा

«ताई, मी गोव्यात, डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे. जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो, रोज पेन्सिल हरवतो. मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी त्याच्या आईला सांगितलं, ‘ह्याला एडीएचडी आहे, डॉक्टरकडे न्या.’ ती रडली. आता मला बघून रस्ता बदलते. सहकारी म्हणतात, दोन धपाटे घाला, सुधारेल. मुली तरी बऱ्या. त्यांतली एक दिवसभर खिडकीबाहेर बघत बसते, पण तिचा त्रास नाही. माझं चुकलं का?»

बाई, चुकलं. पण धपाटेवाल्यांपेक्षा कमी. त्यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम दाखवा. मारणं आणि घालून पाडून बोलणं, दोन्हीला मनाई आहे. मी कुठल्या तोंडाने सांगते म्हणा! नोकरीत असताना एका मुलाला मी वर्षभर ‘भोवरा’ म्हणत होते. वर्ग हसायचा, तोही हसायचा.

तुम्ही मुलाला पाहिलंत ते खरं. नाव देणं मात्र तुमचं काम नव्हतं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाणं. त्याचं निदान करताना डॉक्टर बघतात की लक्षणं कमीत कमी सहा महिने आहेत का, बाराव्या वर्षाआधी दिसली का आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का. तुम्ही एकच ठिकाण पाहिलंय. घरी जेवताना, शेजारी खेळताना, गणेश चवथीला आरतीच्या वेळी तो कसा असतो? झोप पुरते का, ऐकू नीट येतं का, फळा दिसतो का? वर्गात तो वयाने सगळ्यांत लहान तर नाही? आठ-दहा महिन्यांचा फरक ह्या वयात मोठा असतो, आणि वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत दिसलंय. शिवाय आपल्याकडे घरात कोंकणी आणि पुस्तकात मराठी. अर्धं वाक्य डोक्यावरून गेलेलं मूलही चुळबुळ करतंच.

आणि ‘गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना तासभर बसतो, मग गणितालाच काय होतं?’ हा स्टाफरूममधला आवडता युक्तिवाद. एडीएचडी असलेल्या मुलांना लक्ष देताच येत नाही असं नाही; ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवता येत नाही. आवडीच्या कामात ते आपसूक वळतं. म्हणून त्यावरून ‘नाटकं करतो’ असं ठरत नाही.

दोन आठवडे एक वही ठेवा. ‘चंचल’, ‘उद्धट’ असले शब्द त्यात नकोत. ‘गणिताचा तास, तीनदा उठला; फळ्यावर बोलावल्यावर दहा मिनिटं टिकला’ असं लिहा. तोवर त्याला पुढे, तुमच्याजवळ बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. वह्या वाटायचं काम त्याचं. उठायला हक्काचं कारण मिळू दे. मधली सुट्टी मात्र शिक्षा म्हणून कापू नका, धावायची गरज त्यालाच सर्वांत जास्त.

मग आईकडे जा. शाळेत बोलावू नका, घरी जा. आधी त्या नावाबद्दल माफी मागा, मग त्याला काय चांगलं जमतं ते सांगा, मग वही दाखवा. ‘तुमच्याकडेही असंच होतं का?’ एवढंच विचारा. होत असेल तर ती वही घेऊन बांबोळीला, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, बालरोग विभागात दाखवायला सुचवा. ह्याची रक्ततपासणी नसते, बाई. डॉक्टर आईला विचारतात आणि शिक्षकांनाही. तुमची वही तिथे खरंच वाचली जाईल. औषधाचा विषय त्यांच्यावर सोडा.

आता खिडकीजवळची मुलगी. तिच्यावर तुम्ही जेमतेम एक वाक्य खर्च केलंत. धावपळ न करता फक्त लक्ष निसटणं, हेही त्याच एडीएचडीचं एक रूप असतं, आणि त्रास देत नाहीत म्हणून मुली बहुधा नजरेतून सुटतात. तिला तसं काही नसेलही; कदाचित बाहेरचा पाऊस तुमच्या पाढ्यांपेक्षा बरा वाटत असेल. पण वहीचं एक पान तिच्या नावाने राखा. उद्या ती बाहेर बघत असली की ‘मी आत्ता काय सांगितलं?’ असं दरडावू नका. शेजारी जाऊन विचारा, काय दिसतंय गे?