पोटात जुळी, कानात हिप-हॉप

प्रश्न : माझे वय 31 आहे आणि जुळ्या बाळांचा 24वा आठवडा चालू आहे. कॉलेजपासून मी हिप-हॉप ऐकते. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’चा 1991चा ‘द लो एन्ड थिअरी’ आणि लॉरिन हिलचा 1998चा अल्बम मला जवळजवळ पाठ आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की, या दिवसांत शिव्या असलेली गाणी ऐकली तर बाळांवर तसेच संस्कार होतात, म्हणून गर्भसंस्काराच्या सीडीच लावाव्यात. रात्री स्पीकरवर बेस वाढवला की पोटात दोन्हीकडून लाथा बसतात. त्या आनंदाच्या समजायच्या की त्रासाच्या? पुढच्या महिन्यात मुंबईत एका रॅपरचा कार्यक्रम आहे, त्याला जाऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अल्बम खुशाल ऐका. संगीत कोणत्या प्रकारचे आहे याने बाळांना फरक पडत नाही. आवाज किती मोठा आहे, किती वेळ चालतो आणि कुठून येतो, एवढेच पाहायचे असते.

साधारण 24व्या आठवड्याच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज मात्र तुमच्या कानांवर पडतो तसा नसतो. पोटाची भिंत, गर्भाशय आणि गर्भजल यांतून येताना वरच्या पट्टीतला आवाज बराच गाळला जातो, तर खालच्या पट्टीतला, म्हणजे बेस आणि ड्रमचा ठोका, फारसा न घटता आत जातो. तुम्ही लिहिलेला 1991चा अल्बम तर बेसवरच उभा आहे. त्यातल्या एका गाण्यात जॅझमधील ख्यातनाम वादक रॉन कार्टर यांनी बेस वाजवला आहे. त्यामुळे बाळांना त्यातले शब्द नव्हे, तर हा ठोका ऐकू येत असणार. घरात शेजारी बसून सहज बोलता येईल इतक्या आवाजात तो अल्बम स्पीकरवर चालू असेल तर काळजीचे कारण नाही. हेडफोन लावलेत तर तो आवाज जवळजवळ तुमच्यापुरताच राहतो. तेव्हा जपायचे ते तुमचे कान, आणि त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. हेडफोन किंवा छोटा स्पीकर पोटाला टेकवून मात्र लावू नका. त्यातून काही साध्य होत नाही आणि आत आवाज किती मोठा पोहोचतो हे आपल्याला कळत नाही.

शिव्यांबद्दल सासूबाईंना निर्धास्त करा. बाळाला अर्थ कळत नाही, लय आणि आवाजाची चढउतार मात्र ओळखीची होते. 1986 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी केलेल्या प्रयोगात गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आयांनी एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली, आणि जन्मानंतर बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा त्याच गोष्टीला अधिक पसंती दिली. यावरून गर्भसंस्काराच्या सीडीने बुद्धी वाढते असे मात्र सिद्ध होत नाही. आणि ज्या मोझार्टच्या संगीताचा दाखला नेहमी दिला जातो, तो 1993चा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता व त्याचा परिणाम पंधरा मिनिटांच्या आतच ओसरला होता. आईचा स्वतःचा आवाज शरीरातूनही आत जात असल्याने बाळाला तो सर्वांत स्पष्ट पोहोचतो. तेव्हा पाठ असलेले रॅप तुम्हीच म्हणा. लॉरिन हिल यांच्या त्या अल्बममध्ये त्यांच्या पहिल्या गरोदरपणावरचे गाणे आहे, कारकिर्दीचा विचार कर असे सांगणाऱ्यांना न जुमानता त्यांनी ते बाळ होऊ दिले. सासूबाईंना तेच अर्थासकट ऐकवून पाहा.

लाथांचा मुद्दा मात्र मला गाण्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अचानक वाढलेल्या आवाजाला बाळ दचकून हालचाल करते; तो नाच नव्हे आणि बहुधा त्रासही नव्हे. पण ‘गाणे लावले की हलतात, म्हणजे दोघे ठीक आहेत’ असा हिशेब जुळ्यांच्या बाबतीत करू नका, कारण एक बाळ फार चळवळे असेल तर दुसऱ्याची मंदावलेली हालचाल त्यात झाकली जाते. 28व्या आठवड्यानंतर नेहमीची हालचाल कमी वाटली, तर बाळांना जागे करण्यासाठी बेस वाढवत बसण्यापेक्षा त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही : दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगवेगळी? पहिल्या तिमाहीच्या शेवटी झालेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘मोनोकोरिऑनिक’ (वार एकच) किंवा ‘डायकोरिऑनिक’ (वार वेगवेगळी) असा शब्द असेल, तो शोधा. वार एकच असेल तर एका बाळाकडचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहण्याचा धोका असतो, म्हणून 16व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. वेगळी असेल तर साधारण दर चार आठवड्यांनी. पोट एकाएकी वाढून ताठ झाले किंवा धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि गाणी ऐकताना पाठीवर उताणे पडू नका; जुळ्यांच्या वजनाने पाठीमागची मोठी शीर दाबली जाऊन चक्कर येते, त्यासाठी कुशीवर झोपा.

कार्यक्रमाला जाऊ नका, असेच मी सांगेन. 115 डेसिबलच्या पुढचा आवाज गरोदर स्त्रीने कानांत बोळे घालूनही टाळावा, असे अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा सांगते, कारण बोळ्यांनी आईचे कान वाचतात, बाळाचे नाही. आणि सबवूफरमधून येतो तो नेमका आत सहज शिरणारा बेस. शिवाय तासन्‌तास उभे राहणे, गर्दी आणि जुळ्यांमधला मुदतपूर्व कळांचा धोका आहेच. हाच नियम विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींना लागू होतो, आणि तिथे दर्शनाला नेताना घरच्या मंडळींना सहसा संस्कारांची आठवण होत नाही.

प्रश्न : आमची जुळी 33व्या आठवड्यात झाली आणि दोन्ही एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहेत. पत्नी गरोदरपणात रोज आउटकास्ट या रॅपर जोडीचा 2003चा दुहेरी अल्बम ऐकत असे. ओळखीचा आवाज म्हणून तो मोबाइलवर पेटीत लावावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लावू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एनआयसीयूमधील आवाज 45 डेसिबलच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, आणि इनक्युबेटरच्या बंद पेटीत साधा मोबाइलही घुमतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की एकेका बाळाला उघड्या छातीशी धरून बसा आणि हळू आवाजात बोला किंवा गुणगुणा. त्या अल्बमचा एक भाग बिग बॉयचा आणि दुसरा आंद्रे 3000चा आहे. तुम्हा दोघांना एकेक भाग वाटून घेता येईल, मात्र चाल संथ ठेवा.